जुळी आहेत म्हणून कळलं, पुढं काय काय होतंय? खानापूर-बेळगाव भागातल्यांनी प्लीज सांगा

खानापूरची_सून
नमस्कार सगळ्यांना. मी खानापूर तालुक्यात जांबोटी साइडला राहते, पहिलंच बाळंतपण आहे. गेल्या आठवड्यात बेळगावला स्कॅनिंग केलं तर डॉक्टर म्हणाले जुळी आहेत, घरात सगळे खूष आहेत पण मला तेव्हापासून रात्री झोप नाही. बारावा आठवडा चालू आहे, तारीख ऑगस्टच्या मध्यावरची दिलीय. उलट्या एवढ्या की सकाळचा चहासुद्धा पोटात ठरत नाही. सासूबाई म्हणूलालेत की आता अंथरुणातून उठायचंच नाही, आणि आई म्हणते पहिलं बाळंतपण माहेरीच, माझं माहेर चंदगडजवळ. मालक उद्यमबागला कारखान्यात आहेत, त्यांची शिफ्ट कधी कुठली असते सांगता येत नाही. ओपीडीत गर्दी होती त्यामुळं रिपोर्टबद्दल विचारायला सुचलंच नाही, तायी कार्डवर (गरोदरपणाचं सरकारी कार्ड) सगळं कन्नडमध्ये लिहिलंय ते मला वाचता येत नाही. जुळी म्हणजे सिझरच करतात काय? आणि माहेरी जाऊ की नको?

निपाणीची_आई
अभिनंदन गं ताई! पहिलं एक काम कर, रिपोर्ट काढ आणि बघ वार (प्लॅसेंटा) एक लिहिलीय का दोन. डायकोरिऑनिक असं लिहिलं असलं तर दोघांना दोन वारा, मोनोकोरिऑनिक म्हणजे दोघांत मिळून एकच वार. पुढचं सगळं ह्याच्यावर ठरतंय, किती स्कॅन लागणार, कधी बाळंत होणार सगळं. आणि हे 11 ते 14 आठवड्यांतच नीट दिसतंय, नंतर ओळखायला अवघड जातंय, म्हणून लिहिलं नसलं तर ह्याच आठवड्यात परत जाऊन विचार, लाजू नको.

माझी एका वारेची होती. 16व्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसाला स्कॅन असायचं, घरातली म्हणायची एवढं कशाला, डॉक्टर पैसे काढायलेत. पण कारण आहे त्याला. एका वारेत दोघांच्या रक्ताच्या नळ्या आतनं जोडलेल्या असतात, कधी कधी एकाचं रक्त दुसऱ्याकडं जास्त जायला लागतंय, मग एकाच्या पिशवीत पाणी लई वाढतंय आणि दुसऱ्याचं आटतंय. एका वारेच्या शंभरात दहा-पंधरा जणींना होतंय म्हणे. वेळेत सापडलं तर दुर्बिणीतनं लेझर करतात पण त्याला बंगळूर नाहीतर मुंबई गाठावी लागते, म्हणून स्कॅन चुकवायचं नाही. मधेच दोन-चार दिवसांत पोट एकदम फुगलं, ताणल्यासारखं झालं, दम लागला तर तारखेची वाट बघायची नाही, सरळ जायचं.

बाकी पोट लई लवकर दिसतंय. पाचव्यातच लोक मला आठवा का विचारायचे. सातव्यात कट्ट्यापुढं उभी राहिले की पोट आधी कट्ट्याला टेकायचं आणि हात परातीपर्यंत पोचायचा नाही, मग जाऊबाई भाकरी थापायच्या आणि मी बाजूला आडवी उभी राहून तव्यावरची उलटायची. उलट्या जुळ्यांत जास्तच असतात पण बऱ्याच जणींच्या चौथ्या-पाचव्यापर्यंत कमी होतात. पाणीसुद्धा ठरेना, लघवी कमी झाली तर सलाईन लावून घे, अंगावर काढू नको.

बेळगाव_स्टाफनर्स
मी बेळगावातच एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत काम करते म्हणून लिहिते. निपाणीच्या ताईंनी वारेचं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर.

वैनी, तुमची तारीख ऑगस्टची असली तरी जुळ्यांना जुलै धरूनच चला. निम्म्याहून जास्त जुळी 37 आठवड्यांच्या आधी येतात. सगळं नीट असलं तरी दोन वारा असतील तर 37-38 आठवड्यांत आणि एक वार असेल तर 36-37 मध्ये बाळंतपण करतात, त्याच्या पुढं थांबत नाहीत. एक वार आणि पाण्याची पिशवीसुद्धा एकच असेल तर 32-34 मध्येच सिझर करतात, पण ते फार कमी. आता जुलैत जांबोटी भागातला पाऊस तुम्हाला मी काय सांगायचा, झाड पडलं की रस्ता बंद. त्यामुळं 32 आठवडे झाले की बेळगावात कुणाकडं तरी राहायला या. चंदगडची माणसंसुद्धा काही अवघड झालं की बेळगावलाच येतात, मग माहेरी जाऊन रात्री परत इकडंच यायचं, त्यापेक्षा आईनाच इकडं बोलवा. माहेरपण बाळं झाल्यावर करा की, कोण नको म्हणतंय.

दवाखाना ठरवताना खोली कशी आहे ते नंतर बघा, आधी बाळांचा आयसीयू तिथंच आहे का आणि रक्ताची सोय आहे का ते विचारा. जुळ्यांत गर्भपिशवी जास्त ताणलेली असते त्यामुळं बाळंतपणानंतर रक्तस्राव जास्त होऊ शकतो. खाजगी परवडत नसेल तर सिव्हिल आहे, म्हणजे बिम्स, तायी कार्ड घेऊन जा. पोटात लवकर कळा यायला लागल्या तर बाळांच्या फुप्फुसासाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, ती वेळेत मिळाली तर आमच्याकडं आलेल्या बाळांत फरक डोळ्यांना दिसतो. म्हणून कळा, पाणी जाणं, रक्त दिसणं ह्यातलं काहीही झालं तर 108 ला फोन.

सिझरच असं नाही. पहिल्या बाळाचं डोकं खाली असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर नॉर्मल होऊ शकतं.

सासूबाईंना सांगा की नऊ महिने झोपून राहिल्यानं जुळी लवकर यायची थांबत नाहीत, उलट पायात रक्ताच्या गाठी होण्याची भीती वाढते. जड उचलू नका, पाण्याच्या घागरी तर नकोच, दुपारी आडवं व्हा, पण हिंडतं-फिरतं राहा. बीपीचा त्रास जुळ्यांत जास्त होतो, त्यासाठी काही जणींना 12व्या आठवड्यापासून कमी डोसची ॲस्पिरिन देतात, तुम्हाला लागते का ते डॉक्टरांना आत्ताच विचारा, स्वतःहून घेऊ नका. डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी, तोंडावर सूज, छातीखाली दुखणं, हे कुठल्याही वेळी झालं तरी लगेच दाखवायचं.

चिक्कोडीची_मावशी
बाळा, माझ्या लेकीला तिळी झाली, तिन्ही सिझरनं, आठव्यात. तिघं काचेच्या पेटीत होती, मी बाहेर नुसती रडत होते. तिथल्या सिस्टरनी लेकीला रोज एकेक बाळ छातीवर उघड्या अंगाला लावून बसायला शिकवलं, कांगारू म्हणतात त्याला, आणि दूध काढून वाटी-चमच्यानं द्यायला. दूध पुरणार नाही असं दहा जणी सांगतील, तू ऐकू नको, जेवढं काढशील तेवढं येतंय.

खायचं म्हणशील तर दोघांचं आहे म्हणून ताट भरून बसू नको, पोटात जागाच नसते. दोन-दोन तासांनी थोडं थोडं. नाचणीची आंबील, मोडाची मटकी, अंडं, शेंगदाण्याचा लाडू. रक्त लवकर कमी होतंय जुळ्यांत, लोहाची गोळी लिंबू-पाण्याबरोबर घे, चहावर घेऊ नको. आणि जुळं केळं खाल्लंस म्हणून झालं असं कुणी बोललं तर मनाला लावून घेऊ नको गे.

खानापूरची_सून
सगळ्यांना खूप खूप थँक्यू, वाचताना रडू आलं. रिपोर्टमध्ये डायकोरिऑनिक डायअॅम्निऑटिक असं लिहिलंय, म्हणजे दोन वारा ना? सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं, त्या काही बोलल्या नाहीत पण संध्याकाळी स्वतःच म्हणाल्या चल अंगणात फिरून येऊ. नणंद बेळगावातच शहापूरला राहते, जूनपासून तिच्याकडं राहायचं बोलणं चालू आहे. पुढचं स्कॅन कधी करायचं?

बेळगाव_स्टाफनर्स
होय की, दोन वारा, दोन पिशव्या. पुढचं मोठं स्कॅन 18 ते 20 आठवड्यांत, त्यात दोन्ही बाळांचे अवयव नीट बघतात, वेळ लागतो म्हणून सकाळची अपॉइंटमेंट घ्या. त्यानंतर साधारण दर चार आठवड्यांनी दोघांची वाढ बघतील. 24 ते 28 आठवड्यांत शुगरची टेस्ट असते, ती सोडू नका. आणि तायी कार्ड आशा कार्यकर्तीकडून एकदा वाचून घ्या, त्यावर जुळी आहेत हे लिहिलंय का बघा, नसेल तर लिहून घ्या. रात्री दुसरा कुठला डॉक्टर असला तर तो आधी कार्डच बघतो.