मसाल्याच्या कपाटाची दारं घासतायत

लालबागकर: चाळीतल्या खोलीसाठी 18 मिमी प्लायचं छोटं कपाट केलं. दोन दारं, 35 मिमी कपाचे ऑटो हिंज (दारात गोल भोक पाडून बसवायची, आपोआप मिटणारी बिजागरी). एप्रिलमध्ये झकास बसली, जुलैत मधोमध घासायला लागली. आई म्हणते, सुतार बोलवायचा होतास! रंधा मारू का?

परळचा रंधा: अजिबात नको, पावसाळ्यात फुगलेलं दार वाळून आकसलं की दिवाळीत फट दिसेल. हिंजचा पुढचा स्क्रू फिरवा, दार बाजूला सरकतं. मागचा सैल केला की आत-बाहेर. दोन दारांमध्ये 3 मिमी फट ठेवा.

भुसा: कडा उघड्या आहेत का? प्लाय तिथूनच पाणी पितो. वाळल्यावर सीलर (ओल आत जाऊ न देणारा लेप) मारा, कपाच्या भोकातसुद्धा.

लालबागकर: खालची कड उघडीच! दिसत नाही म्हणून सोडलेली. स्क्रू अर्धा फेरा फिरवला, घासणं थांबलं. आईला अजून सांगितलं नाहीये.