मदत हवी आहे: मिशिगन की स्वार्थमोर?

नमस्कार मंडळी,

लेकीला भौतिकशास्त्र आणि गणित शिकायचंय, पुढे बहुतेक पीएचडी. यादीत दोन टोकं आहेत: अॅन आर्बरचं मिशिगन विद्यापीठ, जिथे पदवीचेच ३० हजारांहून जास्त विद्यार्थी, आणि फिलाडेल्फियाजवळचं छोटं स्वार्थमोर कॉलेज, जिथे सगळे मिळून २ हजारसुद्धा नाहीत.

छोट्या कॉलेजात पीएचडीचे विद्यार्थीच नसतात, त्यामुळे प्राध्यापक प्रयोगशाळेत पदवीच्या मुलांनाच हाताशी धरतात, असं ऐकते. पटतंही. शिफारसपत्र लिहिणारा माणूस तिला खरोखर ओळखत असेल, हे काही थोडं नाही. मोठ्या ठिकाणी पहिल्या वर्षी शेकडो मुलांचं लेक्चर आणि चर्चेच्या तासाला पीएचडीचा विद्यार्थी शिकवायला.

पण माझी खरी धास्ती वेगळी आहे. गणितात ती भराभर पुढे जाते. तिसऱ्या वर्षीच छोट्या कॉलेजातले विषय संपले तर? मिशिगनला सरळ पदव्युत्तर वर्गात बसता येईल. स्वार्थमोरचे विद्यार्थी जवळच्या ब्रिन मॉर आणि हॅवरफर्ड कॉलेजांत आणि पेनमध्येही (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात) कोर्स घेऊ शकतात म्हणे, पण वेळापत्रक सांभाळून हे प्रत्यक्षात कितीजण करतात? उन्हाळ्यात आरईयूमधून (पदवीच्या मुलांसाठीचा संशोधन कार्यक्रम) दुसऱ्या विद्यापीठात संशोधन करून ही उणीव भरून निघते का?

(नातेवाइकांना स्वार्थमोरचं नावच माहीत नाही, हा प्रश्न मी सध्या बाजूला ठेवलाय.)

ज्यांची मुलं अशा छोट्या कॉलेजातून पीएचडीला गेली, त्यांनी कृपया सांगा. तिला अर्ली डिसिजनने अर्ज करायचाय आणि तो बंधनकारक असतो, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जावं लागतं, म्हणून घाई.