हातात धरून खेळायच्या गेम यंत्रांत सेगा कंपनीचा रंगीत गेम गिअर हरला, निन्टेन्डोचा करडा गेमबॉय जिंकला. कसं काय?

प्रश्न: सेगाचा पडदा रंगीत, आतून उजळणारा. निन्टेन्डोकडे फक्त चार छटा. तरी असं का?

उत्तर १: तो उजेडच नडला. पडद्यामागच्या फ्लुरोसंट नळीमुळे सहा पेन्सिल सेल तीन-पाच तासांत संपायचे. गेमबॉयला उजेडच नाही. चार सेलवर तो पंधरा तास सहज चालायचा. दिव्याखाली बसावं लागायचं, हे खरं!

उत्तर २: शिवाय अमेरिकेत १९८९ साली टेट्रिस हा ठोकळे रचायचा गेम गेमबॉयसोबतच मिळायचा. दोन गेमबॉय केबलने जोडून दोघं खेळायचे.

प्रश्नकर्ता: मग सोनीचं तसंच यंत्र, व्हिटा, का हरलं? त्याची बॅटरी तर चार्ज करता यायची.

उत्तर १: तिथे मेमरी कार्ड महागात पडलं. सोनीचंच लागायचं, स्वस्त मायक्रोएसडी चालायचं नाही. शिवाय गेमही आटले.