मदत हवी आहे : फिनोबार्बिटल आणि हेपजी२ पेशी

नमस्कार. फिनोबार्बिटल या गुंगीच्या औषधाने यकृतपेशींमधलं सीवायपी२बी६ हे एन्झाइम वाढतं का, ते हेपजी२ या यकृताच्या कर्करोगापासून मिळवलेल्या, प्रयोगशाळेत वाढवता येणाऱ्या पेशींवर तपासते आहे. मात्रा १ मिलिमोलर, ४८ तास. पेशी ठणठणीत आहेत, पण आरटी-पीसीआरमध्ये (जनुकाचा आरएनए मोजणारी चाचणी) सीवायपी२बी६ची पातळी जागची हलत नाही. फिनोबार्बिटल ज्याच्यामार्फत हे एन्झाइम वाढवतं तो सीएआर हा रिसेप्टर हेपजी२मध्ये फारच कमी असतो, त्यामुळे अडचण औषधाची नसून पेशींचीच असावी असं माझं मत. ताज्या मानवी यकृतपेशी आमच्या बजेटबाहेर, शिवाय कल्चरमध्ये त्यांची एन्झाइमं झपाट्याने उतरतात.

हेपाआरजी (पक्व झाल्यावर खऱ्या यकृतपेशींसारख्या वागणाऱ्या पेशी) वापरणारं कुणी आहे का इथे? २ टक्के डीएमएसओ या द्रावकावर पेशी पक्व केल्यावर औषध देण्याआधी डीएमएसओ कमी करता का, आणि किती? डीएमएसओनेही काही एन्झाइमं वाढतात, मग कंट्रोल कसा ठेवता? खूप अडले आहे, अनुभव असेल तर कृपया सविस्तर सांगा.