जिन्यातला दिवा आणि जगाचे ठराव

तिसरा बाक

आमच्या हॉस्टेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधला जिन्यातला दिवा मागच्या सत्रापासून बंद आहे. वळणावरची एक पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच. नवा मुलगा आला की पहिल्या आठवड्यात तिथे ठेचकाळतो, मग त्याच्या पायाला ती पायरी पाठ होते. विद्यार्थी परिषदेकडे आम्ही तीन अर्ज दिले. तिसऱ्याला उत्तर आलं, की विषय पुढच्या बैठकीत घेऊ.

ती बैठक परवा झाली. पहिलाच विषय युद्धाच्या निषेधाचा ठराव. (कुठलं युद्ध ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळे तिकडेच धावाल.) 'तीव्र निषेध' लिहायचं की 'तीव्र शब्दांत निषेध', यावर पाऊण तास गेला. मग टाळ्या, फोटो, आणि वेळ संपली म्हणून बाकीचे विषय पुढे ढकलले. बाकीचे म्हणजे दिवा, रीडिंग रूमची वेळ, आणि हजेरी कमी भरल्यामुळे परीक्षेला बसू न दिलेल्या मुलांचं निवेदन.

माझं मत सरळ आहे. कुणी वैयक्तिक काहीही बोलावं, मोर्चे काढावेत, भांडावं. पण आम्ही मतं देऊन निवडलेल्या परिषदेने आमच्या सगळ्यांच्या नावाने जगाबद्दल ठराव करू नयेत. तिथल्या तोफा आमचा ठराव वाचून थांबणार नाहीत. ९ फेब्रुवारी १९३३ ला ऑक्सफर्ड युनियनने (तिथल्या विद्यार्थ्यांची वादविवाद सभा) २७५ विरुद्ध १५३ मतांनी ठराव केला, की राजा आणि देशासाठी आम्ही कदापि लढणार नाही. केवढा गाजला तो. सहा वर्षांनी युद्ध पेटलं, आणि त्याच पिढीतली कितीतरी मुलं गणवेश चढवून लढायला गेली.

१९६७ मध्ये शिकागो विद्यापीठाने हॅरी काल्व्हेन या कायद्याच्या प्राध्यापकाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिच्या अहवालाचा गाभा असा, की विद्यापीठ हे टीकाकारांचं घर असावं, त्याने स्वतः टीकाकार होऊ नये. मला हे शंभर टक्के पटतं. तुम्हाला?

खिडकीपाशी

नाही पटत. आणि काल्व्हेनचं नाव काढलंस तर त्याची किंमतही सांग. तोच अहवाल पुढे धरून शिकागो विद्यापीठाने वर्णभेदी राजवटीच्या दक्षिण आफ्रिकेत धंदा करणाऱ्या कंपन्यांतली गुंतवणूक काढायला नकार दिला. एप्रिल १९८५ मध्ये कोलंबिया विद्यापीठातली मुलं हॅमिल्टन हॉलच्या दाराला साखळ्या लावून जवळजवळ तीन आठवडे पायऱ्यांवर बसली, आणि त्याच वर्षी तिथल्या विश्वस्तांना गुंतवणूक काढून घ्यायचा निर्णय करावा लागला. १९८६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने तेच केलं, तिथे प्रश्न अब्जावधी डॉलरचा होता. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून दक्षिण आफ्रिकेवर निर्बंधांचा कायदा केला.

त्या मुलांच्या हॉस्टेलातले सगळे दिवे लागत होते असं तुला वाटतं का? 'आधी घरचं बघा' हे वाक्य जगात ज्याला काही बदलायचं नसतं त्याच्या फार सोयीचं असतं. घरचं कधीच संपत नाही.

शंकासुर

खिडकीपाशी यांचा प्रतिसाद वाचायला छान, पण अर्धाच आहे. दक्षिण आफ्रिकेच्या बहिष्काराचा शेअर बाजारावर काय परिणाम झाला हे तीन अर्थतज्ज्ञांनी तपासलं होतं, १९९९ मध्ये ते छापून आलं. परिणाम जवळपास दिसलाच नाही. एकाने शेअर विकला की दुसरा घेतो, कंपनीचं काय जातं? तिथल्या सरकारला घाम फुटला तो जुलै-ऑगस्ट १९८५ मध्ये, अमेरिकेच्या चेस मॅनहॅटन बँकेने कर्जाची मुदत वाढवून द्यायला नकार दिला तेव्हा. बाकीच्या बँका मागोमाग निघाल्या, तिथलं चलन रँड कोसळलं, कर्जफेड थांबवावी लागली. पायऱ्यांवर बसलेल्यांनी नाही, वसुलीवाल्यांनी केलं ते.

खिडकीपाशी

@शंकासुर, आणि बँकेला अचानक भीती का वाटली? तिथल्या वस्त्यांमध्ये उठाव चालू होता, आणि इकडे खातेदार, भागधारक, नगरपालिका, विद्यापीठं सगळे बँकांना रोज टोचत होते. शेअरचा भाव हलला नाही म्हणून दबाव नव्हता असं कसं? नेल्सन मंडेला १९९० मध्ये कॅलिफोर्नियात आले तेव्हा त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले कॅम्पसमधल्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनाचा जाहीर उल्लेख केला. त्यांना चेस बँकेचे आभार मानावेसे वाटले नाहीत, हे आपलं अवांतर.

जुना खोडरबर

तुम्हा पोरांचं एक बरं असतं, इतिहासातून आपल्याला हवे तेवढेच विद्यार्थी निवडता. ४ नोव्हेंबर १९७९ ला तेहरानच्या अमेरिकी वकिलातीत घुसले तेही विद्यार्थीच होते. थोडे दिवस ठिय्या देऊ अशा बेताने गेले, आणि ५२ माणसं ४४४ दिवस ओलीस राहिली. त्या विद्यार्थ्यांतले एक चाळिशीकडे झुकल्यावर वेगळं बोलू लागले, अब्बास अब्दी त्यांचं नाव. सुधारणावादी झाले, आपल्याच सरकारच्या तुरुंगात जाऊन आले, आणि १९९८ मध्ये पॅरिसला एकेकाळच्या ओलिसाशेजारी, बॅरी रोझेन यांच्याशेजारी, एका मंचावर बसले.

मी विद्यार्थ्यांनी गप्प बसावं म्हणत नाही. विशीतल्या माणसाला स्वतःबद्दल जी खात्री असते ती मलाही होती. तिच्यावर लेखी ठराव करून शिक्का मारण्याची घाई मात्र नको. बाकी चालू द्या.

रात्रपाळी

धागाकर्त्या, तू दिव्यापासून सुरुवात केलीस म्हणून लिहितो, नाहीतर नुसता वाचूनच गेलो असतो.

३१ ऑक्टोबर १९६७. तेव्हाच्या कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियात, प्रागमधलं स्ट्राहोव्ह हॉस्टेल. वीज सारखी जायची, खोल्या गार पडायच्या, तक्रारी करून मुलं थकली होती. त्या रात्री परत दिवे गेले तशी मुलं मेणबत्त्या घेऊन बाहेर पडली आणि राजवाड्याच्या दिशेने निघाली. घोषणा एकच, 'आम्हाला उजेड हवा'. त्यांना खरोखर दिवेच हवे होते. पण पोलिसांच्या कानावर भलतंच पडलं. त्या राजवटीत उजेड मागणं म्हणजे काय ते ऐकणाऱ्याला बरोबर समजलं होतं. लाठ्या चालल्या, पार हॉस्टेलच्या आत शिरून मारलं. नेमकी त्याच दिवसांत कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीची बैठक चालू होती आणि पक्षप्रमुख नोव्होत्नी यांच्याविरुद्ध कुजबुज सुरू झालेली होती. मुलांना मारल्याचं प्रकरण त्यांना चांगलंच भोवलं. ५ जानेवारी १९६८ ला त्यांचं पहिल्या सचिवाचं पद गेलं आणि त्या जागी सुधारणावादी दुबचेक आले.

म्हणजे जिन्यातला दिवा वेगळा आणि जग वेगळं, ही तुझी वाटणीच मला कळत नाही. नांतेरचंही तेच. पॅरिसबाहेरच्या त्या नव्याकोऱ्या विद्यापीठात १९६७ मध्ये भांडण कशावरून? मुलींच्या हॉस्टेलात मुलांनी जायचं की नाही यावरून. वर्षभराने, २२ मार्च १९६८ ला, तिथल्याच मुलांनी प्रशासनाच्या इमारतीचा वरचा मजला ताब्यात घेतला, व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात निदर्शनं करताना धरलेल्यांना सोडा म्हणून. मे महिन्यात अख्खा फ्रान्स बंद. हॉस्टेलचा नियम कुठे संपला आणि व्हिएतनाम कुठे सुरू झालं, दाखव बरं.

तिसरा बाक

@रात्रपाळी, स्ट्राहोव्ह माहीत नव्हतं, मजा आली. पण तू माझीच बाजू मांडलीस की! ती मुलं उजेड मागायला निघाली होती. स्वतःच्या अंगावरचा प्रश्न होता म्हणून चारजण असते तिथे शेकडो आले. त्यांनी बंद खोलीत बसून कुठल्या तिसऱ्याच देशाबद्दल परिपत्रक काढलं असतं तर नोव्होत्नींनी ते चुरगाळून टाकलं असतं. आमचे पदाधिकारी दिव्याबद्दल एक शब्द काढत नाहीत, कारण दिव्याबद्दल बोललं की रेक्टर समोर उभे राहतात. युद्धाच्या ठरावावर उलट बोलायला समोर कुणीच नसतं. उंटावरून शेळ्या हाकायला कितीसं धाडस लागतं?

(आणि त्या सुधारणा मोडायला ऑगस्ट १९६८ मध्ये प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे आले, तेही लिहायचं होतंस.)

शंकासुर

हे शेवटचं वाक्य सोडून बाकीशी सहमत. रणगाडे आले हा मुलांचा दोष नव्हे.

खिडकीपाशी

'समोर कुणीच नसतं' हे तुमच्या परिषदेचं झालं, तत्त्व म्हणून मांडू नकोस. ४ मे १९७० ला अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठात समोर नॅशनल गार्डचे बंदूकधारी सैनिक होते. अमेरिकेने कंबोडियात सैन्य घुसवल्याच्या विरोधात निदर्शनं चालू होती. १३ सेकंदांत ६७ गोळ्या, ४ ठार, ९ जखमी. मेलेल्यांतले दोघे तर निदर्शनात नव्हतेच, एका तासावरून दुसऱ्या तासाला चालले होते. आणि त्यानंतर झालेल्या जनमत चाचणीत ५८ टक्के लोकांनी दोष कुणाला दिला? विद्यार्थ्यांनाच. 'तुम्ही तुमचा अभ्यास करा' म्हणणाऱ्यांचं बहुमत कायमच असतं.

बर्कलेचंही बघ. १९६४ मध्ये तिथे भांडण एका टेबलावरून झालं, घडीच्या टेबलावरून. दारापाशी टेबल मांडून नागरी हक्कांच्या चळवळीसाठी वर्गणी आणि नावं गोळा करायला मनाई केली. कारण काय, तर तो 'बाहेरचा' विषय! टेबल मांडणाऱ्या एकाला पोलिसांनी गाडीत बसवलं, तर मुलं गाडीभोवती बसली आणि ३२ तास ती हलू दिली नाही. टपावर चढून भाषणं झाली. मुलांचा पुढारी मारिओ सॅव्हिओने तर आधी बूट काढले, टप खराब होऊ नये म्हणून. शेवटी प्राध्यापकांच्या सभेने ८२४ विरुद्ध ११५ मतांनी मुलांची बाजू घेतली. आतलं-बाहेरचं ठरवायचा हा खेळ नेहमी कार्यालयच खेळतं. तू विद्यार्थी असून तो फुकटात खेळतोयस.

तिसरा बाक

टेबल मांडायला माझी ना नाही. दहा टेबलं मांडा. त्या टेबलावर माझी सही मला न विचारता करू नका, एवढंच.

जुना खोडरबर

हे वाक्य आवडलं.

मागचं दार

मी फारशी लिहीत नाही. पण इथे एक गोष्ट कुणीच बोललेलं नाही.

आमच्याही परिषदेने असाच ठराव केला होता, दुसऱ्या कॉलेजात, दुसऱ्या युद्धावर. त्यातल्या एका देशाची मुलगी माझ्या वर्गात आहे. बैठकीला तिला कुणी बोलावलं नाही. ठराव झाल्याचं तिला सूचनाफलकावरून कळलं, आणि तेव्हा ती फलकावर भलतंच काहीतरी शोधत होती: फी भरायची वाढीव मुदत. घरून पैसे पाठवायची वाटच बंद झाली होती. (२०२२ मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर बऱ्याच रशियन बँका स्विफ्टमधून, म्हणजे देशादेशांतल्या बँकांच्या व्यवहार-जाळ्यातून, बाहेर काढल्या आणि पाठोपाठ व्हिसा-मास्टरकार्डने तिथलं काम थांबवलं, तेव्हा परदेशात शिकणाऱ्या कित्येक मुलांची हीच गत झाली. आणि हल्ला झाला त्या देशातल्या मुलांचे हाल तर विचारूच नका.) रोजचा दंड चढत होता. ती दुपारी लॅपटॉप मांडीवर घेऊन जिन्यात बसायची, कारण खोलीत नेटवर्क येत नाही, आणि भावाचा मेसेज आला की स्क्रीन उलटी ठेवून दोन मिनिटं भिंतीकडे बघायची.

आम्ही सहाजणी फी विभागात गेलो. चार खेपा झाल्या. 'असा नियम नाही' पासून 'अर्ज द्या' पर्यंत यायला दोन आठवडे लागले. शेवटी मुदत मिळाली, दंडही माफ झाला. परिषदेचं एक पत्र सोबत असतं तर एका खेपेत झालं असतं. मागितलं होतं आम्ही. 'हा वैयक्तिक विषय आहे' म्हणाले.

मग मला सांगा, हा कॅम्पसचा विषय की जगाचा?

रात्रपाळी

अर्थात दोन्ही. हेच म्हणत होतो मी, तुम्ही बरं लिहिलंत.

शंकासुर

कॅम्पसचाच. फीची मुदत परिषदेच्या हातातली गोष्ट आहे, युद्ध नाही. काल्व्हेन अहवालातही सवलत आहेच: विद्यापीठाच्या स्वतःच्या कामावरच गदा आली तर बोलावं. शिकायला आलेली मुलगी शिकू शकत नाही, ही गदा नाही तर काय?

खिडकीपाशी

वा, म्हणजे सवलत केव्हा लागू होते ते पुन्हा तुम्हीच ठरवणार. दक्षिण आफ्रिकेच्या वेळी ती लागू झाली नाही. बाब्या आपला की कार्टं लोकांचं, यावर सगळी तटस्थता उभी आहे.

@मागचं दार, तुमच्या सहाजणींना सलाम. पण ठराव नसता केला तर परिषदेने ते पत्र दिलं असतं, असं वाटतं का तुम्हाला?

मागचं दार

नाही वाटत. तरीही ठराव वाचताना राग आला होता. तिला नाही, मला. ती म्हणाली, निदान कुणाला तरी माहीत आहे. म्हणजे ठरावाचा तिला थोडा उपयोग झाला, हेही लिहायला हवं. मी त्यावर अजून विचार करते आहे.

तिसरा बाक

@मागचं दार, हे वाचून थोडा गप्प झालो. मत बदललं नाही. पण उद्याच्या बैठकीसाठी लिहिलेला अर्ज फाडून नवा लिहिला. आधी होतं, 'परिषदेने जागतिक विषयांवर ठराव करू नयेत.' आता लिहिलंय, 'ठराव करण्याआधी त्या देशांतले आपले विद्यार्थी कोण, त्यांना कशाची गरज आहे, हे विचारावं, आणि सही सर्वांच्या नावाने न करता उपस्थितांच्या नावाने करावी.' खिडकीपाशीला हेही आवडणार नाही.

खिडकीपाशी

पहिला अर्धा भाग आवडला. दुसऱ्यावर भांडेन.

जुना खोडरबर

आणि दिव्याचं काय झालं?

तिसरा बाक

दिवा तसाच. रेक्टर म्हणतात इलेक्ट्रिशियनला सांगितलंय, इलेक्ट्रिशियन म्हणतो मागणीपत्रावर सही नाही. म्हणून आज संध्याकाळी आम्ही तिघांनी त्या उंच पायरीच्या कडेला पांढरा पट्टा मारला. रंग ओला आहे, रात्री कुणी त्यावर पाय देऊ नका.

रात्रपाळी

अंधारात ओला रंग दिसणार कसा?