मदत हवी आहे: भाचीच्या गावातल्या वाचनवर्गाचं कॉलेजच्या अर्जात काय आणि कसं लिहावं?

नमस्कार मंडळी,

माझी भाची यंदा बारावीला आहे, आर्ट्सला. गाव बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात, डोंगरपट्ट्यात. कॉलेजला एसटीने अंबाजोगाईला येते-जाते. आमच्याकडे पोरगी हुशार निघाली की लोक तिला थेट लातूरला नीटच्या क्लासला टाकतात. हिला मात्र समाजशास्त्र आणि शिक्षण हे विषय घ्यायचेत. बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ, आपल्या तुळजापूरचं टिस (टाटा समाजविज्ञान संस्था), आणि पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर अमेरिकेतलं एखादं कॉलेज, असं तिच्या मनात आहे. घरात या वाटेने कोणी गेलेलं नाही, म्हणून इथे विचारतेय.

दिवाळीच्या आगेमागे तिचं अर्धं गाव ऊसतोडीला जातं. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते, टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. जी लेकरं आजीजवळ मागे राहतात, त्यांचा ती दहावीपासून रोज संध्याकाळी मारुतीच्या सभामंडपात वाचनाचा वर्ग घेते. जुनी बालभारतीची पुस्तकं आणि रद्दीतले पेपर, एवढंच साहित्य.

मी एकदा जाऊन बसले होते. तिसरीतला एक पोरगा साधे शब्द सरसर वाचायचा, जोडाक्षर आलं की ओठ मिटून गप्प. तिने त्याला वाचायचा आग्रह केलाच नाही. आईला फोनवर काय सांगायचंय ते त्याच्याकडून लिहून घेतलं. त्याने लिहिलं, ‘शेळी व्याली. आजीचा चष्मा फुटला.’ मग फोन लावून दिला आणि पोराने ते कागदावर बघत आईला वाचून दाखवलं, कुठेही न अडता. तिच्याकडे एक वही आहे. प्रत्येक लेकराचं नाव, कुठे अडतं आणि कधी सुटलं, सगळं तारखेनिशी.

आता अडचण. शहरातला एक सल्लागार म्हणतो, हे कागदावर दिसत नाही, त्याला संस्था नाही, शिक्का नाही. त्यापेक्षा पैसे भरा, आठवडाभर एका संस्थेत काम दाखवू, फोटोसकट प्रमाणपत्र देऊ. मला हे अजिबात पटलेलं नाही. पण माझ्या न पटण्याने तिचं नुकसान व्हायला नको. प्रमाणपत्राशिवाय हे काम अर्जात धरतात का? कोणाचं पत्र जोडावं? आणि नेमकं लिहावं काय?

गोदाकाठ:

ताई, पैसे भरू नका. ग्रामीण भागातल्या मुलांचे अर्ज भरायला मी मदत करतो, त्यावरून सांगतो.

आधी कुठे याचा उपयोग नाही ते बघा. तुळजापूरच्या टिसमध्ये पदवीचा प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो. तिथे अभ्यासच करावा लागेल. नीट आणि एमएचटी-सीईटीचंही तसंच, सेवाकार्याला तिथे गुण नाहीत. अझीम प्रेमजीला आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत. त्या मुलाखतीत हा वर्ग तिच्या कामी येईल, कारण तिथे प्रश्नावर प्रश्न येतात आणि आठवड्याच्या प्रमाणपत्रावर दुसऱ्या प्रश्नाला बोलायला काही उरत नाही. घरचं उत्पन्न पाहून फीमध्ये सवलतही मिळते, त्याची कागदपत्रं आतापासून काढा. तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्याला वेळ लागतो.

अमेरिकेतली बरीच कॉलेजं ‘कॉमन ॲप’ नावाचा एकच अर्ज घेतात. त्यात जास्तीत जास्त १० कामं लिहिता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला फक्त १५० अक्षरांची जागा, तीही इंग्रजीत. आठवड्याला किती तास आणि वर्षातले किती आठवडे, हे वेगळं विचारतात. ती हंगामापुरताच वर्ग घेत असेल तर हंगामाचेच आठवडे लिहा, वर्षभर म्हणून फुगवू नका. ‘गरीब मुलांना शिकवते’ असं मोघम लिहिण्यात जागा जाईल. किती मुलं, कोणाची, आधी काय येत नव्हतं आणि नंतर काय यायला लागलं, हे लिहा. ते सगळं त्या वहीत आहेच. चष्म्याचा प्रसंग ६५० शब्दांच्या निबंधासाठी ठेवा. तो तिने स्वतः लिहावा, तुम्ही फक्त वाचा.

अजून एक. घरची कामं, धाकट्या भावंडांना सांभाळणं, शेतात राबणं हेही त्या यादीत चालतं. आपल्याकडच्या मुली हे लिहीतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

बालाघाट:

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. आमच्याकडे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालतं, त्यामुळे तुमची भाची काय करतेय ते नीट कळतं. पत्र गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडून घ्या, शाळेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह. ‘होतकरू व सुस्वभावी’ हा ठरलेला मजकूर नको. ही मुलं वर्गात काय वाचायला लागली हे त्यांनी स्वतः पाहिलंय, ते लिहू द्या. वहीची पानं जोडायची झाली तर लेकरांची नावं झाका. मुलांचे फोटोही नकोत.

कॉलेजमध्ये एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) असेल तर तेही लिहा. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर झालं की प्रमाणपत्र मिळतं, आणि तेही खऱ्या कामाचं. पण त्यासाठी हा वर्ग बंद करू नका. ती बाहेर शिकायला गेल्यावर वर्ग कोण घेणार, हे आताच ठरवा. मुलाखतीत विचारतीलच, आणि नाही विचारलं तरी त्या लेकरांसाठी ते ठरायलाच हवं.

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. सल्लागाराला आजच ‘नाही’ म्हणून कळवलं. वर्गाचं म्हणाल तर नववीतली एक मुलगी आता तिच्यासोबत बसते, पुढच्या हंगामात तीच घेईल असं भाची म्हणाली. एक राहिलं. मुख्याध्यापकांचं पत्र मराठीत असणार. भाषांतर कोणाकडून करून घ्यावं?

गोदाकाठ:

कॉलेजच्या इंग्रजीच्या सरांकडून. खाली त्यांचं नाव, पद, सही आणि कॉलेजचा शिक्का घ्या आणि मूळ मराठी पत्र सोबत जोडा. मराठी पत्र काढून ठेवू नका.