महावितरणमध्ये विद्युत सहाय्यक म्हणून ग्रामीण शाखेत काम नेमकं कसं असतं?

वाशीमचा_विजतंत्री:
नमस्कार मंडळी. विजतंत्री ट्रेडमधून आयटीआय झालंय, कागदपत्रं तपासून झाली, नेमणुकीचं पत्र यायचंय. बहुतेक ग्रामीण शाखाच मिळेल. जाहिरात वाचली आहे, त्यामुळे पात्रता वगैरे नको. रोजचं काम कसं असतं, पावसाळ्यात काय हाल होतात, वसुलीचा तगादा किती आणि जिवाला धोका नेमका कुठे, हे सांगा. गावाकडे म्हणतात, खांबावर चढता आलं की झालं. खरं आहे का?

जंपवाला:
भाऊ, अभिनंदन. चढणं महिन्याभरात जमतं. जमत नाही ते खाली उभं राहून "अजून परमिट आलं नाही, मी चढणार नाही" असं म्हणणं. परमिट म्हणजे उपकेंद्राने लाईन बंद करून दिलेली कामाची परवानगी.

आधी पैशाचं, म्हणजे विषय संपेल. ५३४७ जागांच्या जाहिरातीत मानधन पहिल्या वर्षी १५,०००, दुसऱ्या वर्षी १६,००० आणि तिसऱ्या वर्षी १७,००० रुपये होतं. तीन वर्षं समाधानकारक गेली की तंत्रज्ञ, पुढे वरिष्ठ तंत्रज्ञ, प्रधान तंत्रज्ञ. या तीन वर्षांत न सांगता दांडी मारू नका. रजेचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

शाखेत साहेब म्हणजे सहाय्यक किंवा कनिष्ठ अभियंता. त्यांच्यावर उपविभाग, मग विभाग, मंडल, परिमंडल. तुमच्या वाट्याला काही गावं येतील. पहिल्या महिन्यात त्या गावांचा नकाशा वहीत काढा: कोणतं गाव कोणत्या ११ केव्ही फीडरवर (उपकेंद्रातून निघालेली ११ हजार व्होल्टची लाईन), एबी स्विच (खांबावरचा, लाईन तोडायचा स्विच) कुठे, कोणत्या डीपीवरून (गावातला ट्रान्सफॉर्मर) कोणती वस्ती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठे दोन फीडर एकाच खांबावरून जातात किंवा एकमेकांना ओलांडतात. कार्यालयातला नकाशा बहुधा जुना असतो. तो उतरवून घेऊ नका, लाईनखालून चालत जा.

धोका इथेच आहे. गावठाण फीडर बंद करून घेतला आणि खांबावर शेतीचा फीडरही आहे, हे वर गेल्यावर कळून उपयोग नाही. दुसरं, एबी स्विचचं हँडल खाली आलं म्हणजे स्विच उघडला असं नसतं. गंजलेल्या स्विचचं एक पातं चिकटून राहतं आणि दोन उघडतात. तिन्ही पाती डोळ्यांनी वेगळी दिसली पाहिजेत, मग हँडलला कुलूप, किल्ली आपल्या खिशात. तिसरं, उलटा पुरवठा. मंगल कार्यालयाचा जनरेटर किंवा घरचा इन्व्हर्टर चुकीचा जोडला असेल तर लघुदाब (घरांना पुरवठा करणाऱ्या) तारेतून वीज मागे येते आणि तोच ट्रान्सफॉर्मर तिला ११ हजार व्होल्टवर नेतो. म्हणून परमिट हातात असलं तरी आधी डिटेक्टर (तारेत वीज आहे का ते दाखवणारा) लावायचा, मग डिस्चार्ज रॉड (तार जमिनीला जोडणारा). रॉडची अर्थची बाजू आधी जमिनीत, नंतर तारेला, काढताना उलट. आणि कामाच्या दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला लावून भागवणारे खूप दिसतील, त्यांचं ऐकू नका.

रबरी हातमोजे घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळत हवा बोटांत दाबा. हवा सुटली तर मोजा बाद, लगेच दुसरा मागा.

३३बाय११_ऑपरेटर:
वरच्या दादांशी सहमत. उपकेंद्राच्या बाजूचं थोडं सांगतो.

परमिट मागताना "गावची लाईन बंद करा" असं बोलू नका. फीडरचं नाव, कामाची जागा, स्वतःचं नाव. आमच्याकडे ब्रेकर पाडतात, आयसोलेटर उघडतात, कुलूप लावतात, पाटी अडकवतात, मग नंबर देतात. तो नंबर आमच्या लॉगबुकात आणि तुमच्या डायरीत, दोन्हीकडे वेळेसह. परमिट ज्याने घेतलं त्यानेच परत करायचं. माणसं मोजून, रॉड काढून झाल्यावरच.

"साडेदहाला बंद कर, अकराला चालू कर, मी तेवढ्यात उरकतो" हा प्रकार कुणी कितीही जुना माणूस सांगू दे, करायचा नाही. घड्याळ बघून लाईन सोडणं म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ. त्यातच शिफ्ट बदलली तर नव्या ऑपरेटरला तुम्ही खांबावर आहात हे कळणार कसं?

पावसाळ्यात फीडर ट्रिप झाला (आपोआप बंद पडला) की आधी विचारा, रिलेवर (दोष ओळखून ब्रेकर पाडणारं उपकरण) काय दाखवलं. ओव्हरकरंट असेल तर बहुधा तारा एकमेकींना लागल्या, झोल जास्त आहे किंवा फांदी दोन तारांवर पडली. अर्थ फॉल्ट (वीज जमिनीत जाणं) असेल तर फुटका इन्सुलेटर, तुटून पडलेली तार किंवा ओलं झाड. मग मधला एबी स्विच उघडून उपकेंद्राकडचा अर्धाच फीडर चार्ज (चालू) करायचा. राहिला तर दोष पुढे, पडला तर अलीकडे. असं निम्मं निम्मं करत जायचं. पुन्हा पुन्हा ट्राय (लाईन चालू करून बघणं) मागू नका; प्रत्येक ट्रायला पॉवर ट्रान्सफॉर्मरला धक्का बसतो, आणि तार शेतात पडली असेल तर तिच्याजवळ कोण उभं आहे ते उपकेंद्रातून दिसत नाही. सगळ्यात त्रासदायक म्हणजे आतून पंक्चर झालेला पिन इन्सुलेटर. खालून चांगला दिसतो. परमिट घेऊन तो भाग वेगळा करा आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावा, तेव्हा सापडतो.

वाशीमचा_विजतंत्री:
खूप आभार. शेतीच्या डीपी सारख्या जळतात असं ऐकलंय. शेतकरी आपल्याच अंगावर येणार ना?

जंपवाला:
येणार. म्हणून हिशेब तोंडपाठ ठेवा. ६३ केव्हीएच्या डीपीचा लघुदाबाचा पूर्ण प्रवाह सुमारे ८४ अँपियर, १००चा सुमारे १३३. पाच एचपीची मोटार फेजला साधारण साडेसात अँपियर घेते. म्हणजे ६३ वर अकरा मोटारी, १०० वर सतरा. नोंदीत अकरा असतात, प्रत्यक्षात पाचच्या जागी साडेसात एचपी बसवलेल्या आणि वर दोन-तीन आकडे टाकलेले.

त्यात ऑटोस्विच. वीज आली की सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, आणि सुरू होताना प्रत्येक मोटार पाच-सहा पट प्रवाह ओढते. फ्यूज उडतो. मग कुणीतरी किटकॅटमध्ये (फ्यूज तार बसवायचा चिनी मातीचा भाग) ॲल्युमिनियमच्या तारेचे दोन-तीन पदर पिळून घालतो. आता फ्यूज उडत नाही, वाइंडिंग जळतं. योग्य मापाची फ्यूज तार सोबत ठेवा आणि फुकट वाटा, स्वस्त पडतं. ऑटोस्विच काढायला आणि कपॅसिटर लावायला सांगत राहा. दर फेरीला तेलाची पातळी बघा. सिलिका जेल (ट्रान्सफॉर्मरमध्ये जाणाऱ्या हवेतला ओलावा शोषणारे दाणे) गुलाबी झालं असेल तर ते ओलावा शोषत नाही. न्यूट्रलचा जोड आणि अर्थिंग आवर्जून तपासा; गावठाणात न्यूट्रल तुटला तर घरात २३०च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास जातं, आणि टीव्ही-फ्रिज जळाल्यावर अख्खी आळी कार्यालयात येते.

डीओ फ्यूज (डीपीच्या ११ केव्ही बाजूचा) काढायचा तर आधी लघुदाबाची बाजू बंद, मग जमिनीवरून रॉडने. लोडवर ओढला तर ठिणगी तोंडावर येते.

बिलिंगवाला:
वसुलीचं मी सांगतो. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज असल्याने शेतावरचा तगादा पुष्कळ हलका झालाय. उरले घरगुती, दुकानं, पाणीपुरवठा, पथदिवे. महिनाअखेरीस यादी हातात येते तेव्हा लाईनची कामं बाजूला पडतात, हे खरंय.

वीज कायदा २००३च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी पुरवठा तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. ती गेली आहे का, हे निघण्याआधी विचारा. दारात गेल्यावर पावती दाखवली तर वाद नको, ग्राहक क्रमांक जुळवून कार्यालयात फोन करा. कालचा भरणा यादीत आलेला नसतो. तोडताना फेज आणि न्यूट्रल दोन्ही खांबावरून काढा. नुसता फेज काढला की संध्याकाळी शेजारच्या घरातून तार येते आणि दिवे लागतात.

आकडा किंवा छेडलेला मीटर दिसला तर रक्कम तुम्ही तोंडी सांगू नका. कलम १३५ खाली कारवाई आणि आकारणी करायचा अधिकार नेमलेल्या अधिकाऱ्याचा. तुम्ही फोटो काढा, जागा नोंदवा, साहेबांना कळवा. एकटे जाऊ नका, आणि रोख पैसे तर हातात घेऊच नका, "साहेब, तुम्हीच भरून टाका" असं आजीबाईंनी म्हटलं तरी.